काशीतली हिरवी थंडाई आणि त्यांच्या मांडीवर माझ्या चपला

आधीच सांगते, हे मी बोलतेय आणि माझी नात प्रणाली टाइप करतेय. मला अक्षर येत नाही. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते, 'नाय' म्हटलं की 'नाही', फक्त कुणाशी बोलले ते कधीकधी तसंच ठेवते. मी म्हटलं, लिही गो, वाचणाऱ्यांना वाटू दे म्हातारी पुण्यात शिकली. ब्लॉग तिचाच आहे. एरवी तुम्ही तिथं धबधबे आणि किल्ले बघायला येता, या खेपेला म्हातारी आणि भांग वाचा.

आम्ही पनवेलच्या खाडीकाठचे, मिठागरवाले. गाव प्रकल्पात उठलं आणि आता रोडपालीत सातव्या मजल्यावर राहतो. घर चांगलं आहे, लिफ्ट आहे, खिडकीतून वारा येतो. फक्त आमच्या म्हाताऱ्याचं बोलणं तेवढं गावात राहिलं. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात ते दिवेलागणीला उठतात. जेवलात? हं. गोळी घेतली? हं. मुलानं डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, वय झालंय. वय माझंही झालंय, मी कुठं गप्प बसले.

गावात असताना हा माणूस वर्षातून एक दिवस पोटभर बोलायचा, शिवरात्रीला. शंकराच्या देवळामागं भांग व्हायची. पाला आमचा दूधवाला भैया आणून द्यायचा, तो काशीकडचा. पाला भिजवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा, मग बडीशेप, मिरी, खसखस, बदाम घालून पाट्यावर वाटायचा. वाटणार बायका, पिणार पुरुष. वाटणाऱ्या बाईनं बोट चाटायचं नाही, असा नेम होता. चिंचेनं हात धुवायचे आणि घरी जाऊन उपासाची रताळी शिजवायची. मी हयातभर वाटली, पण चव कशी असते ते विचाराल तर सांगता यायचं नाही.

पिऊन आले की हे दारातूनच मला हाक मारायचे, "येशे." ते माझं माहेरचं नाव. लग्नात परातीत तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. मला कुठं वाचता येतंय. शेजारच्या बाईला विचारलं, माझं नाव काय गो? ती म्हणाली, अनुसया. तेव्हापासून आधार कार्डापर्यंत अनुसयाच. येशी म्हणणारे आईबाप गेले, भाऊ गेला, शेवटची बहीण मागच्या वर्षी गेली. आता ते नाव माहीत असलेलं एकच तोंड उरलंय आणि ते गॅलरीत बसून हं म्हणतं.

म्हणून मी प्रणालीला म्हटलं, "मना काशीला ने. यांना एकदा भांग पाजायची हाय."

ती लॅपटॉपवरून बघतच राहिली. "आजी, लोक काशीला पापं धुवायला जातात."

"धुवू की. पाप केल्याबिगर काय धुवायचा?"

मग मी तिला नावाचं सगळं सांगितलं. तिनं तिकिटं काढली. पण पोरगी शहाणी, आधी डॉक्टरला फोन केला. डॉक्टर म्हणाले, आजोबांना बीपीची गोळी चालू आहे, मी हो म्हणणार नाही, फार तर जिभेला लावा. म्हटलं, जिभेला तर जिभेला. नाव जिभेवरच असतं.

शिवरात्रीला काशीत मुंगीला वाट मिळत नाही, म्हणून आम्ही थंडी सरता सरता, शिवरात्रीच्या आधीच निघालो. रोडपालीहून कल्याणला गाडी केली. तुम्हीही तेच करणार असाल तर शिळफाट्याला अडकणार हे धरून चाला आणि घरातून लवकर निघा. रेल्वेत म्हाताऱ्यांसाठी खालचा बर्थच मागा. आमच्या एका डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, एका डब्यात लसणाची चटणी. सुकट मी घरी ठेवली, देवाला जातोय म्हणून. तरी डबा उघडला तेव्हा तिचा वास आलाच. म्हाताऱ्यानं वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हं." या 'हं'मध्ये जरा हसू होतं. मी मनात म्हटलं, गाडी योग्य दिशेला चाललीय.

काशीत 'घाटाजवळ खोली' म्हणतात तेव्हा घाट किती उभा आहे ते सांगत नाहीत. खोली घेताना पायऱ्या किती ते विचारून घ्या. आमची खोली स्वस्त आणि स्वच्छ होती, पण गुडघ्यांनी वेगळं भाडं घेतलं. सकाळी कचोरी-भाजी आणि जिलबी खाल्ली. थंडीच्या दिवसांत तिथं मातीच्या कपात दुधाचा फेस मिळतो, केशर घातलेला. तोंडात घातला की नुसती हवा, पण पैसे मोजून परत घ्यावीशी वाटणारी हवा. ह्यांनी दोन कप खाल्ले. बोलले मात्र नाहीत.

संध्याकाळी गच्चीवर नाशिकचा एक पोरगा भेटला, कंप्युटरवर काम करणारा. आम्ही भांगेला आलोय म्हटल्यावर त्याला फार आनंद झाला. त्यानं मला गांज्याच्या जाती सांगितल्या, आपण हापूस, पायरी, केशर सांगतो तशा. मलाण्याचा माल मऊ आणि गोड, केरळातला इडुक्कीचा जुन्या लोकांचा लाडका, परदेशातल्या एकाला लिंबाचा वास, एकाला म्हणे डिझेलचा. मी म्हटलं, डिझेलचा वास घ्यायचा तर कळंबोलीत ये की, ट्रक टर्मिनलला फुकट मिळतो. मग घ्यायच्या तऱ्हा. चिलीम, कागदाची विडी, पाण्याच्या भांड्यातून गुडगुड, पेनासारखं एक यंत्र, आणि केकमधूनसुद्धा. त्याची आवड कागदाची विडी आणि मलाण्याचा माल. प्रणाली मध्येच म्हणाली, "मलाणा ओव्हररेटेड आहे."

"तुला गो कसा म्हाईत?" मी विचारलं.

तिला एकदम नदी बघायची होती. म्हटलं, बघ, नदी कुठं जात नाय आणि मी पन नाय.

मग मी त्या पोराला विचारलं, "आनि कोनाबरोबर ओढतोस रं?"

"एकटाच आजी. रूमवर. काम संपलं की."

"रोज?"

तो हसला आणि विडीचा कागद बोटात फिरवत राहिला. मी उपदेश केला नाही, तो त्याच्या आईला करू दे. एवढंच म्हटलं, आमच्याकडं भांगेला लोटा एक आणि तोंडं वीस असायची, एकट्यानं प्यायचं कुणाला सुचलंच नाही. त्यानं कागद खिशात ठेवला आणि आमच्याबरोबर खिचडी खायला बसला.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट. तिथं भांगेची दुकानं परवान्याची असतात, उघड्यावर, पाटी लावून. ती पानाची भांग. गांजा, चरस वेगळं, त्याला पोलीस आहेत, आणि घाटावर कोणी साधू होऊन कानात विचारलं तर पुढं चाला. पहिल्यांदाच घेणार असाल तर छोटा ग्लास, पोटात काहीतरी असू दे, आणि सोबत न पिणारा एक माणूस ठेवा. हे शेवटचं मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून थंडाईच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "माताजी, सादी या हरी?" हरी म्हणजे भांगेची. मी म्हटलं, दोन सादी, एक हरी, छोटी. त्यानं हिरवी गोळी घोळून वर मलई टाकली. मी तो ग्लास ह्यांच्यापुढं सरकवला.

ह्यांनी ग्लास उचलला. वास घेतला. बोटानं मलई बाजूला करून खालचा रंग बघितला, सोनारासारखा. मग ग्लास माझ्यापुढं ठेवला.

"हयातभर वाटलीस," हे म्हणाले. "आज तू पी. मी बसतो."

गाव सोडल्यापासून त्यांच्या तोंडून एवढी शब्दांची रांग मी ऐकली नव्हती. माझा सगळा बेत फसला होता आणि मला तक्रारही करता येईना. ग्लास धरताना बोटाला हिरवं लागलं, मी नेमाप्रमाणं पुसायला गेले, मग म्हटलं, आज पुसायचं कशाला. बोट चाटलं. मग ग्लास.

चव विचाराल तर पावसात भिजलेल्या गवतावर कुणी बर्फी ठेवलीय अशी. मिरी मागून येते.

पिऊन बसले. काही झालं नाही. आणखी थोडं बसले. मी म्हटलं, दूध नासवलंय मेल्यानं, अजून एक मागव. प्रणालीनं माझा हात धरला. "आजी, नाही. प्यायलेली भांग उशिरा चढते. सगळे इथंच चुकतात."

"तुला गो—"

"हो, मला माहितेय. घरी गेल्यावर ओरड. आता चल घाटावर."

घाटावर ऊन नदीवर पसरलं होतं. मी चपला काढून पायरीवर बसले, हे बाजूला. समोरून एक बकरी आली, अंगात स्वेटर. तिथं थंडीत बकऱ्यांना माणसांचे जुने स्वेटर घालतात. हिचा स्वेटर निळा होता आणि बटणं एक सोडून एक लागली होती. मी हसायला लागले. आधी बकरीला हसले, मग बटणांना, मग ती बटणं लावणाऱ्या बाईला किती घाई असेल या विचाराला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गुडघे दुखायचे थांबले, किंवा दुसऱ्या कुणाचे तरी झाले. जीभ मात्र उन्हातल्या पापडासारखी कोरडी. प्रणाली म्हणाली, थांब, पाणी आणते, आजोबा, हिच्याजवळ बसा.

ती गेली आणि पायऱ्या लांब व्हायला लागल्या. खाली नदीपर्यंत पायऱ्या, नदीत पायऱ्या, संपेचनात. घंटा फार लांबून वाजत होती. मला वाटलं मी एकटीच आहे, खाडीच्या पाण्यात, भरती येतेय आणि बांधावर कुणीच नाही. मला भीती वाटली. खरंच वाटली, लपवत नाही. आणि मी हाक मारली.

मी ह्यांचं नाव घेतलं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेते ते उखाण्यात, पुढं-मागं दोन ओळींचा पदर घेऊन. मी ते नागडं घेतलं, मोठ्यानं, शेतावर गुराला हाक मारावी तसं. दोन नावाडी वळून बघायला लागले.

बाजूलाच आवाज आला. "काय गो येशे. हतंच हाय मी."

बघते तर हे तिथंच, हातभरावर. माझ्या चपला कुणी नेऊ नयेत म्हणून मांडीवर घेऊन बसले होते, देवाचा प्रसाद धरावा तशा दोन हातांनी. आणि हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मी त्यांची बाही धरली आणि पायऱ्या हळूहळू आपल्या जागी आल्या.

प्रणाली पाणी घेऊन आली तेव्हा मी झोपेला आले होते. खोलीवर गेले आणि सकाळपर्यंत झोपले.

जाग आली ती शंकेनंच. हे खरंच बोलले, की भांगेनं मला ऐकवलं? प्रणाली तिथं नव्हती. नावाड्यांना काय विचारणार, माझा नवरा मला काय म्हणाला? ह्यांना विचारलं, "काल घाटावर तुमी मना काय बोललाव?"

"हं," म्हणाले.

परतीच्या गाडीत मी नुसती खिडकीबाहेर बघत होते. गेले ते एक नाव ऐकायला, आणि आणलं काय तर संशय. प्रणालीला सांगितलं, तर तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग स्वतःचं सांगितलं. मुंबईतल्या नोकरीत जीव रमत नाही, मैत्रिणींबरोबर कधीमधी ओढते, आणि अलीकडं कधीकधी एकटीच. मी ओरडणार होते, पण ओरडले नाही. म्हटलं, एकटं वाटलं तर माझ्याकडं ये, मी भाकरी करते, तू बोल. पुढच्या शनिवारी आली. सुकट खाऊन गेली.

रोडपालीत सगळं आधीसारखंच. खुर्ची गॅलरीत, हे खुर्चीत. लोक विचारतात काशीनं काय दिलं. गंगाजलाची बाटली दिली, ती फ्रिजवर आहे. भांग परत पिणार का, असंही प्रणालीच्या मैत्रिणी विचारतात. एकदा पुरे, बकरीसाठी मात्र परत जाईन.

परवा सकाळी मी आत तांदूळ निवडत होते. चहा गॅलरीत ठेवून आले होते, दोन कप. वरून विमान गेलं, त्याचा आवाज हळूहळू विरला. मग गॅलरीतून हाक आली.

"येशे. चाय निवला गो."

सकाळची वेळ, पोटात नुसता चहा, तोही त्यांच्या. माझ्या डोक्यात काही नव्हतं, त्यांच्याही नव्हतं. ऐकू मला चांगलं येतं.

पण मी उठले नाही. तांदळात बोट फिरवत बसले. म्हटलं, अजून एकदा मारू दे हाक.