दहा जिवंत मासे
इथे परदेशात, माउंट रॉस्किलला आमच्या गल्लीत आज डांबर टाकताहेत, आणि त्या वासानं माझं डोकं पुन्हा तडकलं. याच शहरातल्या पेनरोजच्या आमच्या लॅबमध्ये असाच वास यायचा. कॅनडात वाळूतून तेल काढल्यावर जे विषारी पाणी उरतं, ते साफ करणारा फिल्टर आमची कंपनी विकणार होती. फिल्टरमधून आलेल्या पाण्यात मी दहा मासे सोडले होते. चार दिवस जगले तर पाणी पास. चौथ्या दिवशी सगळे आडवे पडलेले. "सर, हे मेल्यातच जमा आहेत," मी म्हटलं. सर आपले पुण्याचेच. त्यांनी काचेवर टिचकी मारली. "अगं, कल्ले हलतायत ना? मग अलाइव्ह लिही. एकदम झकास, स्वीट अ‍ॅज!" डोंबलाचं अलाइव्ह! पण फॉर्मवर रकाने दोनच होते, जिवंत आणि मेलेले, आणि माझ्या व्हिसाच्या कागदांवर सरांची सही व्हायची होती. मी दहा जिवंत लिहिले. रिपोर्ट गेला, आणि लंचनंतर ते दहाही मासे जाळीनं काढून मीच कचऱ्यात टाकले. सर हल्ली पर्यावरणावर खुशाल भाषणं ठोकतात. ऐकून अंगाची आग होते. पण त्या रिपोर्टखाली सही त्यांची नाही, माझी आहे.