दीवच्या किल्ल्याबाहेर थांबलेली गाडी

मला लिहिता येत नाही, तरी लिहितोय, माफ करा. काल गुरुग्रामला जाताना कॅबमध्ये चंदनाच्या अगरबत्तीचा वास आला आणि दीव आठवलं. कॉलेजच्या मित्रांनी ते बेट फिरायला भाड्याची गाडी ठरवली होती. चंदनाची अगरबत्ती लावून ती चालवणारे माझे बाबाच होते, पण लाजेपायी मी कुणाला सांगितलं नव्हतं.

किल्ल्यापाशी खाऱ्या वाऱ्यात त्यांनी विचारलं, "पाणी घेतलंस का?"

मी सर्वांसमोर म्हणालो, "काका, तुम्ही गाडीतच थांबा."

"बरं, साहेब."

तेव्हा मला हायसं वाटलं होतं. काल मात्र मान वर करवेना. शेवटी त्या सहलीतल्या एका मित्राला फोन करून खरं सांगितलं.

"अरे यार, तू किल्ल्याच्या तटावर गेलास तेव्हाच मी त्यांना विचारलं, चेहरा इतका सारखा कसा? म्हणाले, माझाच मुलगा आहे, पण तुम्हाला कळलंय हे त्याला सांगू नका."