घरधन्याच्या नावाचा हप्ता

चुकलेलं शुद्धलेखन आणि वाकडंतिकडं अक्षर माफ असावं. मी चौथीपर्यंतच शिकले.

शेतात तूर पिवळी फुलली आहे. घरधनी वारल्याचं तिला कळलेलंच नाही. सरकारलाही कळलं नव्हतं. त्यांच्या नावाचा शेतकरी-मदतीचा हप्ता येत राहिला. मला वाटायचं, हप्ता जमिनीला मिळतो, पेरणारं कुणी का असेना. त्यातून मी बैलाला पेंड आणायचे.

परवा तलाठी सगळ्यांदेखत म्हणाले, “काकू, मेलेल्या माणसाचे पैसे खाल्लेत!”

माझ्या तोंडून निघून गेलं, “बैलानं खाल्ले, भाऊसाहेब.”

लोक हसले. मला मात्र फार दमल्यासारखं झालं. घरधनी गेल्यापासून मीच पेरते, पण हात कुणाचे ते कुणी बघत नाही, नाव बघतात. तेही आता खोडलं. काल बैल विकला आणि सगळे हप्ते परत भरले.