कच्च्या काठाचा पक्षी

उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्याला कुणी नावाने हाक मारत नाही, मास्टर म्हणतात. हिंदुराव मास्टरांना तर चिडली की बायकोही 'मास्टर' म्हणे. आणि हल्ली ती बहुतेक चिडलेलीच असे, कारण विठ्ठलवाडीतल्या घराची एकुलती एक गॅलरी मास्टरांच्या पक्ष्यांनी अडवली होती.

पक्षी म्हणजे बांबूच्या काड्या, तारेचा आकडा, अस्तराच्या कापडाचे पंख आणि पोटाशी पिळलेलं रबर. रबर सुटलं की पंख फडफडायचे. फडफडायचे, बस. उडणं हा प्रकार अजून व्हायचा होता.

"रविवारी गच्चीवर टाकीपासून पलीकडच्या कठड्यापर्यंत उडाला तर गॅलरी तुमची," बायकोने, काशीबाईंनी, जाहीर केलं. "नाहीतर सगळं भंगारात, आणि तिथे माझं वॉशिंग मशीन."

मास्टर इरेला पेटले. आधी पंख सुपासारखे रुंद कापले, तर रबराचा सगळा जोर ते हलवण्यातच संपला. मग आखूड, अरुंद कापले. ते भराभर हलले खरे, पण त्यांच्या कवेत हवाच येईना. शेवटी पँटच्या पायासारखा आकार काढला: अंगाशी रुंद, टोकाला निमुळता. सगळ्यात जास्त टोकच फिरतं, मग तिथे कापडाचं ओझं कशाला? आता पंख छान हलू लागले. पण पक्षी पुढे सरकेल तर शपथ! जागच्या जागी हातवारे करायचा आणि खाली बसायचा, सोसायटीच्या मीटिंगमधल्या मेंबरासारखा.

शनिवारी कपडे वाळत घालताना काशीबाईंनी पंख उलटून पाहिला.

"अहो, याला चारी बाजूंनी दुमड कशाला मारलीय?"

"मग काय कच्चा काठ सोडू? धागे निघतील. लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? कावळे?" काशीबाईंनी बादलीतला टॉवेल उचलून झटकला. फट्ट! मास्टरांच्या तोंडावर वारा आणि पाणी दोन्ही. "एक काठ घट्ट धरला, दुसरा सोडला, म्हणून वारा निघाला. सगळीकडून ताणून धरला असता तर निघाला असता का?"

मास्टर तोंड पुसायचंही विसरले. पुढची कड ताठ आणि मागची ढिली असली, तर पंख खाली येताना मागची कड मागे पडणार, वळणार आणि हवा मागे लोटणार. हवा मागे, म्हणजे पक्षी पुढे. आणि त्यांनी तीच कड शिवून, वर इस्त्री मारून, ताठ केली होती.

"काशी, तू स्वतःच्या मशीनवर पाणी सोडतेयस."

"कळतंय मला. उसवा आता."

शिलाई पटकन उसवली. कच्च्या काठाकडे बघायची सवय व्हायला मात्र वेळ लागला.

रविवारी गच्चीवर शेजारचा विनीत मोबाइल रोखून उभा. "मास्टर, टेन्शन नको, रिटेक चालेल!"

मास्टरांनी पक्षी सोडला. तो फडफडत, थोडा डावीकडे कलत, वाळत घातलेल्या पापडांवरून गेला आणि कठडा ओलांडून थेट शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर उतरला. काशीबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग आपण हरलो हे आठवलं, तशा आणखी जोरात वाजवल्या.

संध्याकाळी मास्टर टेप लावून गॅलरी मोजत होते.

"अगं, मशीन खाली बसतंय. पक्षी वर टांगतो."

"मग इतके दिवस का नाही टांगले?"

"इतके दिवस उडत कुठे होते?"