प्रकृतीच्या कारणास्तव नाही

इतवारीतल्या भांड्यांच्या गल्लीतलं जागृती वाचनालय सत्यवती चालवायची. पद चिटणीसाचं, पगार शून्य. अध्यक्ष भैय्याजी. त्यांचं मुख्य काम घसा खाकरणं. "अं-हं-हं! बंधूंनो आणि, अं-हं, भगिनींनो!" भगिनी एकटी सत्यवती, आणि तिच्याकडंही न बघता म्हणायचे.

१९७४ च्या उन्हाळ्यात तिला खापा गावच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली. तिनं राजीनामा लिहिला: मला नोकरी लागली आहे, आणि खरं सांगायचं तर या कामाचा कंटाळाही आला आहे, तरी मोकळं करावं.

बैठकीत भैय्याजींनी तो कागद असा दोन बोटांत धरला, जसं कुणी पोराचं भरलेलं दुपटं धरावं.

"कंटाळा? राजीनाम्यात कंटाळा?"

गल्लीत राजीनाम्याला कारण एकच चालायचं: प्रकृतीच्या कारणास्तव. खजिनदार मनोहरराव, मान रेड्यासारखी, दरवर्षी याच कारणास्तव राजीनामा द्यायचे. मंडळी हातापाया पडायची, मनोहरराव "लोकाग्रहास्तव" तो मागं घ्यायचे आणि लगेच भज्यांच्या ताटावर तुटून पडायचे. तेलकट बोटं सतरंजीला. शी!

त्यांनीच सत्यवतीला रीत समजावली. "प्रकृतीचं लिही. आम्ही आग्रह करतो, तू नाही म्हण. आम्ही परत आग्रह करतो, तू डोळे पूस. मग मंजूर. सोप्पं आहे वं!"

"पण मी आजारी नाही ना काकाजी. शाळेत मले तब्येत चांगली असल्याचा डॉक्टरचा दाखला द्यायचा आहे. इथं आजारी अन् तिथं ठणठणीत, असं कसं लिहू?"

भैय्याजींचा आवाज तुपात बुडाला. "खाप्याचे हेडमास्तर आनंदराव आमचे साडू होतात. मंजुरीविना गेलात तर त्यांच्या कानावर जाईलच, अं-हं, की पोरगी जबाबदारी टाकून पळाली. पुढल्या रविवारी सुधारून आणा."

म्हणजे लिहिलं तरी नोकरी जाणार, नाही लिहिलं तरी जाणार. बाकीचे मान खाली घालून बशीतला चहा भुरकत राहिले.

आठवडाभर गल्लीनं तिला छळलं. "काय वं सत्यवती, प्रकृती कशी आहे?" दुकानाच्या फळीवर बसलेला रामाजी तर ती दिसली की मुद्दाम खोकायचा, आणि खोकून झालं की आपल्याच विनोदावर थुंकी उडेपर्यंत हसायचा. घरी आई, कांताबाई, म्हणाली, "लिहून टाक ना वं. एका ओळीनं काय जाते तुयं?"

"माझंच जाते," सत्यवती म्हणाली.

रविवारी तिनं तोच कागद ठेवला. काना-मात्रा न बदलता.

भैय्याजींची भाषणातली मराठी सुटल्या धोतरासारखी गळून पडली. "काहून? काहून ऐकून नाही राहिली वं तू? साडूले चिठ्ठी टाकू का?"

"टाका. मी बुधवारी खाप्याले जाऊन आली. त्याईले सगळं सांगितलं, कंटाळ्यासकट."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, भैय्याजीच्या हाताखाली चार वर्षं काढली? मग तब्येतीचा दाखला नको, पोरी. सोमवारी ये."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. मनोहररावांच्या नाकातून चहा आला आणि तो त्यांनी बाहीला पुसला.

"मंजूर," भैय्याजी म्हणाले. एरंडेलाचा चमचा तोंडात असल्यासारखं.

आभाराचा ठराव कुणाला सुचला नाही. सत्यवती दारात चप्पल घालू लागली, तेव्हा मनोहररावांना मात्र एक गोष्ट आठवली.

"अवं, जाता जाता बशा तरी विसळून जाय!"

तिनं मागं वळून त्या बशा पाहिल्या. काठाला चहाचे ओघळ, एकीत विडीचं थोटूक.

"तुमची प्रकृती चांगली आहे ना काकाजी? मग विसळा."