आजाऱ्यांच्या यादीतली बाई

आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी उपदेशाआधी आजाऱ्यांची यादी वाचतात. कुणाचा मधुमेह, कुणाची कंबर, कुणाच्या सुनेचं बाळंतपण. नाव वाचायचं आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. गेली आठ वर्षं ती वही माझ्याकडे आहे. निवृत्त शिक्षिकेचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

गेल्या वर्षी त्या यादीत एक नाव सलग पाच रविवार होतं. पेठ तालुक्याकडची, पन्नाशीची विधवा बाई. इंदिरानगरात चार घरच्या पोळ्या करायची. तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. मी नाव वाचायचे, पाळकसाहेब डोळे मिटून "प्रभू, तिला त्या खाटेवरून उठव" म्हणायचे, आम्ही मोठ्यांदा आमेन म्हणायचो, आणि उपासना संपली की बाहेर चहा.

पाचव्या रविवारी पाळकसाहेब "उठव" म्हणाले आणि मागून आवाज आला, "मी कवाच उठले, पाळकसाहेब. तीन रविवार झाले, हितंच बसते मी."

माना वळल्या. तीच होती. दाराजवळच्या बाकावर, डोक्यावर पदर, मांडीवर गीतांचं पुस्तक. तीन रविवार आम्ही तिच्यादेखत तिला दवाखान्यात झोपवून ठेवलं होतं.

शरमेनं खाली बघायची वेळ होती. पण नाही! कुणीतरी "हालेलुया" म्हणून टाळ्या वाजवल्या. पंच कमिटीतल्या एका गृहस्थांनी लगबगीनं जाऊन तिच्या हातात माईक दिला. म्हणे साक्ष द्या, मंडळीच्या प्रार्थनेला कसं उत्तर मिळालं ते सांगा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं माईक घेतला. "देवानं बरं केलं, त्याची स्तुती. पन तुमच्यातलं कोनी आलं नाय. शेजारच्या खोलीतली बाई मला पेज पाजायची, आनि ती तर आपल्या मंडळीतली बी नाय. माझ्याबद्दल देवाशी एवढं बोललात, एक डाव माझ्याशी बोलला असता तर..."

पाळकसाहेबांनी हळूच माईक काढून घेतला आणि गीत सुरू केलं.

उपासना सुटल्यावर मी चहाच्या टेबलापाशीच सगळ्यांना धारेवर धरलं. उत्तरं काय मिळाली? पत्ता नव्हता. तिकडे गाडी जात नाही. आम्हाला वाटलं महिला मंडळ जाऊन आलं असेल. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, आजाऱ्यांच्या भेटीसाठी एक समिती नेमू.

"माणसाच्या घरी जायला समिती लागते?" मी म्हटलं. "दर महिन्याला प्रभुभोजनात एका भाकरीतून आणि एका प्याल्यातून घेतो आपण. आणि त्याच रांगेत उभी असलेली बाई आपल्याला दिसत नाही? मग कसली ही भक्ती?"

"बाई, शांत व्हा," पाळकसाहेब म्हणाले. का म्हणून शांत व्हायचं? मी चहा न घेताच घरी आले.

पुढच्या रविवारी तिचा बाक रिकामा होता. त्याच्या पुढच्याही. आता मला भीती वाटायला लागली. आमच्यामुळे ही बाई मंडळीपासून कायमची तुटली, तर देवाला काय तोंड दाखवणार? ती पोळ्या करते त्यांतल्या एका घरी विचारून मी तिची पत्र्याची खोली शोधून काढली.

तिनं मला स्टूल दिलं आणि स्वतः खाली बसून मेथी निवडायला लागली. मी अर्धा तास बोलत होते. आपली माणसं कशी तोंडदेखली आहेत, त्यांच्या आमेनला कसा काही अर्थ नाही, मी त्यांना कशी ठणकावून आले. ती ऐकत होती. दमल्यावर मी विचारलं, "या रविवारी याल ना?"

"येईन की. दोन रविवार पाय निघाला नाय, एवढंच. देवाशी माझं भांडन नाय." मेथीची जुडी बाजूला ठेवून ती म्हणाली, "पन बाई, तुम्ही त्यांच्यावर लय चिडू नका. व्हतं असं मानसाच्या हातून. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, तवा मी आले व्हते तुमच्याकडं. नागलीचे पापड घेऊन. तुमच्या वॉचमननं वर फोन लावला, मग मला म्हनला, जा."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मला ती दुपार आठवली. मी पलंगावर पाय लांब करून टीव्ही बघत होते. इंटरकॉमवर वॉचमननं तिचं नाव सांगितलं होतं. तुमच्या चर्चच्या आहेत म्हणतात, असंही सांगितलं होतं. आणि मी म्हटलं होतं, "अशा कुणाला मी ओळखत नाही."