पळणारा ड्रमर

बँड मोडला की लोक गाणी विसरतात, भांडणं मात्र तोंडपाठ असतात. आमच्या 'भडका'ची गाणी एकूण सहा, आणि किस्से? विचारू नका! अजूनही चार मित्र जमले की मला वाजवायला नाही, भांडणं सांगायलाच बसवतात.

आम्ही तिघं. गिटार आणि गाणं मंदारचं. हा नवीन पनवेलचा इंजिनिअर. ड्रम जासईच्या नीलेशचे. मी बेसवर, म्हणजे फोटोत जो कापला जातो तो! दोघंही माझे शाळेपासूनचे मित्र. बँड गेला खड्ड्यात, पण हे दोघं तुटू नयेत, एवढीच माझी धडपड होती.

*

प्रॅक्टिस नीलेशच्या वडिलांच्या, तात्यांच्या यार्डातल्या रिकाम्या कंटेनरमध्ये. मे महिन्यात आत अर्धा तास बसलं की माणूस आपोआप रॉकस्टार दिसतो, घामाने!

तिथेच पहिलं गाणं रेकॉर्ड केलं. ऐन मध्यावर बाहेर ट्रेलर रिव्हर्स आला. पीं पीं पीं! पुन्हा वाजवायचं त्राण कोणातच नव्हतं, तसंच पाठवलं एका फेस्टिव्हलला. परीक्षक म्हणाले, "तो बीप काय वापरलाय! यंत्रयुगाची हाक!"

मंदारने गंभीरपणे मान डोलावली. "सहा महिने विचार केला त्याच्यावर."

पहिलं बक्षीस खरं तर ट्रेलरच्या ड्रायव्हरचं. घेतलं मंदारने.

*

बक्षिसानंतर मंदार कंटेनरमध्येही गॉगल घालायला लागला. आत आधीच अंधार, त्यामुळे साहेब दोनदा ड्रमवर पडले.

मग गावागावांतून हळदीच्या सुपाऱ्या यायला लागल्या. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. अख्खं गाव नाचतं. मंदारने तोंड वाकडं केलं. "आम्ही हळदीत वाजवत नाही. आम्ही आर्टिस्ट आहोत!"

"माज्या बापाच्या कंटेनरात बसून आर्टिस्ट हायस तू!" नीलेश म्हणाला. "आमच्या घरचं जेवन चालतं, हलद नाय चालत?"

त्या दिवशी प्रॅक्टिस झाली नाही. जेवण मात्र झालं, मंदारने दोनदा भात घेतला.

*

मंदारची कायमची तक्रार एकच: नीलेश पळतो. म्हणजे गाणं सुरू होतं चालत, संपतं धावत. शेवटी त्याने ताल मोजायचं यंत्र आणलं. टक, टक, टक. नीलेशने दोन मिनिटं ऐकलं.

"मी नाय पलत. तुमचा डबाच मागं पडतो!"

*

मग रोडपालीच्या एका सोसायटीचा कार्यक्रम. सेक्रेटरी म्हणाले, "रॉक करा, पण आवाज न करता." बरं!

तिसऱ्या गाण्यात मंदार थांबला आणि माईकवर बोलला, "मंडळी, आमच्या ड्रमरला घाई आहे. जाऊ द्या त्याला."

लोक हसले. नीलेश उठला. त्याने शांतपणे झांजा सोडवल्या, दोन ड्रम दोन काखांत मारले आणि पायऱ्या उतरून गेला. प्रेक्षकांना वाटलं, शोचाच भाग! आमच्या कारकिर्दीतल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याच.

कंटेनरला कुलूप लागलं. दोन वर्षं दोघं बोलले नाहीत. मी दोघांनाही फोन करायचो. एकही जण दुसऱ्याची चौकशी करायचा नाही, पण मी आपणहून सांगेपर्यंत फोनही ठेवायचा नाही. फार वाईट वाटायचं मला.

*

यंदा नीलेशची हळद होती. मंदारला आमंत्रण तात्यांनी परस्पर दिलं. आला, खांद्याला गिटार अडकवून! नीलेश पाटावर, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. हळद लागत असताना नवऱ्याने पाट सोडायचा नसतो, म्हणून त्याने नुसतं तोंड फिरवलं.

मंदार सरळ वाजवणाऱ्यांत घुसला, गॉगल खिशात टाकला आणि हळदीचं गाणं धरलं. आर्टिस्ट, आणि हळदीत! पहिलं कडवं ठीक गेलं, दुसऱ्याला गाणं जे सुटलं! हळद लावणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या.

नीलेशने दोन ओळी दात खाऊन सोसल्या. मग पाटावरूनच ओरडला, "मंद्या, पलतोस तू! पलतोस!"

मंदार घाबरून आणखीच पळाला.

नीलेशने शेजारचा पितळेचा टोप ओढला, पाटापुढे उलटा घातला आणि दोन्ही हातांनी ठेका धरला. एक, दोन, तीन, चार!

त्याची आई किंचाळली, "मेल्या, समदी हलद व्हती त्यात!"

"थांब गं आये," नीलेश म्हणाला, "आत्ता कुठं तालात आलाय तो!"